माळाला खत नको, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या पावसाळ्याच्या वृक्षलागवडीची उद्दिष्टं एव्हाना वनखात्याच्या रेंजपर्यंत (वनपरिक्षेत्रापर्यंत) पोचली असतील. खड्डे कुठे घ्यायचे, हेही ठरलेलंच असतं: माळावर. जागा मोकळी, हरकत घ्यायला कोणी नाही आणि कागदोपत्री 'पडीक'. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा आमच्या इंदापूरकडच्या माळावरही गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लागली. हे झाड लवकर जगतं, जनावर तोंड लावत नाही, आकडे भरतात.

अडचण अशी की गिरिपुष्पाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. शेताच्या बांधावर हा गुण आहे. माळावर तोच घात करतो. वीतभर मुरमाड जमीन आणि पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेरचा पाऊस यांवर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं वाढलेली आहेत. त्यांचा संसारच काटकसरीचा. आयता नत्र मिळाला की हावरी झाडं पुढे सरसावतात आणि गवताचा उजेड अडवतात.

नत्र फक्त झाडांमुळे येतो असंही नाही. शेततळी आणि पाइपलाइनमुळे ऊस माळाच्या माथ्यापर्यंत चढला आहे. युरियाचं पोतं २६६ रुपयांना, त्यामुळे हात सैल सुटतो आणि पिकाला न लागलेलं पाण्याबरोबर उताराला लागतं. आमच्या गायरानात अशा एका उसाखाली ओघळ आहे. ओघळीच्या दोन्ही काठांना कमरेइतकं गाजर गवत, मध्ये हरळी. दहा पावलं बाजूला सरका, तर पवन्या विरळ, पिवळट, पण जिवंत. मेंढरं पवन्याकडेच वळतात, ते मी सांगायला नको. पलीकडच्या टोकाला कोणी तरी कोंबडीखताच्या ट्रॉल्या ओतून जातं; तिथे पावसाळ्यात टाकळ्याच्या तणाशिवाय काही दिसत नाही.

चांगल्या पावसाच्या वर्षी हे सगळं हिरवंगार दिसतं. पाहणीला आलेले साहेब खूश होऊन जातात. हिशेब कळतो तो दुष्काळात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सीडर क्रीक इथे १९८२ पासून गवताळ वाफ्यांना कमीजास्त नत्र देऊन पाहिला. खत वाढलं तशा गवतांच्या जाती घटल्या. मग १९८७-८८ चा दुष्काळ आला. भरपूर जाती असलेल्या वाफ्यांत निम्म्याच्या आसपास गवत टिकलं. मोजक्याच जाती उरलेल्या वाफ्यांत त्याहून फार कमी, आणि ते सावरायलाही जास्त वर्षं लागली. तिथला बर्फ आणि आपला मुरूम एक नव्हे, हे मान्य. पण खताने वरचा पाला माजतो, त्या मानाने मुळं वाढत नाहीत आणि पाऊस ओढ देतो तेव्हा तो पाला आधी करपतो, हे आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

२०१८ मध्ये सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या उन्हाळ्यात चारा छावण्या लागल्या, उसाचं वाढं विकत घेऊन जनावरं जगवली. एका खात्याने चाऱ्यावर पैसा ओतायचा आणि दुसऱ्याने फुकट चारा देणाऱ्या माळावर खड्डे घ्यायचे, याला नियोजन कसं म्हणायचं? (धनगर बिचारे उलटं करतात. मेंढरं दिवसभर माळावर चरतात आणि रात्री शेतात बसतात. माळावरचं खत शेताला मिळतं आणि माळ हलका राहतो. त्यांनाच आपण चराईबंदीची पाटी दाखवतो.)

आपल्याच खात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. लांडगा, खोकड, चिंकारा दाखवायला लोकांना तिथे नेता, म्हणजे ही जमीन पडीक नाही हे खात्याला कळलेलं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात माळढोक पक्षीच जवळपास दिसेनासा झाला, तेही आपण जाणता.

तेव्हा विनंती अशी, की यंदाच्या लागवडीच्या यादीतून नैसर्गिक माळ वगळण्याचा लेखी आदेश पावसाआधी काढावा. लावलेलं गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढून तिथे स्थानिक गवताचं बी पेरावं. गायरानात आणि वनजमिनीवर कोंबडीखत किंवा साखर कारखान्याची मळी टाकणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा. बागायतीच्या खालच्या अंगाला उताराचं पाणी अडवणारा चर कृषी खात्याकडून मंजूर करून घ्यावा. त्यासाठी त्या खात्याच्या मंत्र्यांशी आपणच बोलायला हवं, आमचं पत्र तिथे पोचत नाही. आणि कुठला माळ कधी मोकळा ठेवायचा हे ठरवताना वाडा (कुटुंबं आणि मेंढरांचा तांडा) घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळांना बैठकीला बोलवावं, दिवाळीच्या आत, कारण त्यानंतर ते गावात सापडत नाहीत.

आपला,
इंदापूर तालुक्यातला एक रहिवासी