‘अवजड’ म्हणजे किती टन, हे फलकावर लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनची मळणी आटोपून माल बाजार समितीकडे निघू लागला की ‘अवजड वाहनांमुळे ग्रामीण रस्त्यांची चाळण’ अशा बातम्या आपल्या अंकात दरवर्षी वाचायला मिळतात, आणि त्या खऱ्याही असतात. मात्र त्यांतील ‘अवजड’ या शब्दाचा नेमका अर्थ बातमीत नसतो, ग्रामपंचायतीच्या ठरावात नसतो आणि रपट्याजवळच्या (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलाजवळच्या) फलकावरही नसतो. कायद्यात मात्र तो स्पष्ट आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालवाहू गाडीचा वर्ग तिच्या आकारावरून किंवा तिच्यात भरलेल्या मालावरून ठरत नाही. तो ठरतो तिच्या ‘एकूण वजना’वरून, म्हणजे गाडी आणि माल मिळून जास्तीत जास्त जेवढ्या वजनाची मान्यता तिला नोंदणीच्या वेळी मिळालेली असते त्यावरून. हे वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर गाडी ‘हलकी’, १२,००० किलोच्या वर असेल तर ‘जड’ आणि या दोहोंमधली ‘मध्यम’. नोंदणी प्रमाणपत्रावर ७,४९० किंवा ११,९९० असे आकडे वारंवार दिसतात ते याच कारणाने, कारण कंपन्या वरच्या वर्गाच्या उंबरठ्याआत राहण्यासाठी दहा किलो राखून गाडी बांधतात. वर्गावर चालकाचा परवानाही अवलंबून असतो. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले असून गावातील अनेक तरुण चालकांना त्याचा आधार मिळाला आहे.

एकूण वजन आणि माल वाहून नेण्याची क्षमता यांतील गल्लत मला स्वतःला महागात पडली, म्हणून ती सविस्तर सांगतो. मागील हंगामात मी सोयाबीन नेण्यासाठी भाड्याने एक मेटॅडोर केली. तिच्या प्रमाणपत्रावर ७,४९० किलो लिहिलेले पाहून ‘साडेसात टन माल चालतो’ असे चालकाने सांगितले आणि मीही मान डोलावली. साठ किलोचे नव्वद कट्टे भरले, म्हणजे ५,४०० किलो. आमच्या समजुतीने तर दोन टनांची जागा अजून शिल्लक होती. वाटेत तपासणीत गाडी काट्यावर चढवली तेव्हा चिठ्ठीवर ८,७०० किलो आले, कारण रिकाम्या गाडीचेच वजन ३,३०० किलो होते आणि तिच्यात माल बसत होता जेमतेम ४,१९० किलो. रिकामे वजन आणि एकूण वजन हे दोन्ही आकडे गाडीच्या डाव्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेले होते. हमाल त्याच बाजूने कट्टे चढवत होते आणि मी तिथेच उभा होतो, पण ती वजाबाकी करावी असे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा जादा भारासाठी २०,००० रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. एकवीस कट्टे रस्त्याच्या कडेला उतरवून दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यात आमची ती संध्याकाळ गेली.

कापसाच्या बाबतीत हा धोका कमी असतो, कारण गाडी डोंगरासारखी भरलेली दिसली तरी वजनाआधी तिच्यातली जागाच संपते. रेतीचे मात्र उलट आहे. रेतीचा वाहतूक पास ब्रासमध्ये असतो आणि गाडीची मर्यादा किलोमध्ये, त्यामुळे एका कागदाचा दुसऱ्या कागदाशी मेळ कोणी घालत नाही. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कोरडी रेती धरली तरी तिचे वजन साधारण साडेचार टन भरते आणि ओली असेल तर त्याहून जास्त. दहा चाकी गाडीची एकूण वजनाची मर्यादा २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टन झाली. रिकामा टिप्पर दहा टनांच्या आसपास धरला तर त्यात चार ब्रासच बसतात. पाचवा ब्रास टाकला की मर्यादा ओलांडली जाते, मग पासवर काहीही लिहिलेले असो.

रस्त्याचे नुकसान एकूण टनांपेक्षा प्रत्येक आसावर (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे ॲक्सलवर) पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता चाचण्यांवरून असे दिसून आले की आसावरचा भार वाढला की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे दहा टनांच्या जागी बारा टन पडले तर भार वाढतो वीस टक्के, पण रस्त्याची झीज होते सुमारे दुप्पट. आमचे रस्ते तर काळ्या मातीवर आहेत. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डांबराचा पातळ थर तिच्यासोबत हलतो.

आमच्या गावाच्या रपट्याजवळ फलक आहे: ‘अवजड वाहनांना प्रवेश बंद’. कायद्याचा शब्द धरला तर ११,९९० किलोची गाडी तिथून बिनदिक्कत जाऊ शकते, कारण ती ‘जड’ नसून ‘मध्यम’ आहे, आणि जादा माल भरलेली माझी मेटॅडोर तर कागदोपत्री ‘हलकी’च होती. रपट्याला या वर्गवारीशी देणेघेणे नाही, त्याला कळते ते केवळ वजन. म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि जिल्हा परिषदेने प्रत्येक रपट्यावर व लहान पुलावर तो किती टन पेलू शकतो हे तपासून एकूण वजनाची आणि आसावरील भाराची मर्यादा मराठीत, ठळक आकड्यांत लिहावी, अशी विनंती मी आपल्या पत्राद्वारे करीत आहे. खरेदी हंगामात बाजार समित्यांनीही आपल्या फाटकावर ‘एकूण वजन वजा रिकामे वजन बरोबर माल’ हे एक वाक्य रंगवून घ्यावे. आपल्या वार्ताहरांनीही ‘अवजड वाहन’ असे लिहिताना गाडी किती चाकी होती आणि काट्यावर तिचे वजन किती भरले हे शक्य तेथे नमूद करावे, म्हणजे वाचकाला नेमके कोणते वाहन हे कळेल.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ