हातचा हातात ठेवणाऱ्या बाईंना

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे येण्याआधी माझी मुलगी ४७ आणि ३८ यांची बेरीज ७१५ अशी लिहायची. सात नि आठ पंधरा, चार नि तीन सात, आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी. आधीच्या शिकवणीत त्यावर लाल फुली यायची आणि खाली ‘लक्ष नाही’ असा शेरा. मग तिला एक नियम सांगितला गेला, वर एक लिहायचा. का लिहायचा, ते कुणी सांगितलं नाही. तिने तो इतका मनावर घेतला की २३ आणि ४५ मांडतानाही वर एक लिहिला आणि उत्तर ७८ आणलं. पुन्हा फुली. ‘हिला गणित झेपणार नाही’ असं तिच्यासमोर म्हटलं गेलं, बाई. आठ वर्षांच्या पोरीसमोर! मीही घरी येऊन तिच्यावरच चिडले. तो सल अजून जात नाही. तेव्हापासून ती स्वतःला ‘ढ’ म्हणायला लागली होती.

पहिल्याच दिवशी तुम्ही तिची वही उघडलीत. ७१५ वर तुमचं बोट थांबलं तेव्हा मी नजर वळवली, पुढे काय होणार ते मला पाठ होतं. पण तुम्ही म्हणालात, “कशी केलीस, सांग बघू मला.” तिने चाचरत सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. “अगं, पंधरा बरोबर आहेत आणि सातही बरोबर आहेत. फक्त एककाच्या घरात नवाच्या वर कुणी मावत नाही, आणि तू पंधरा जण कोंबलेस.”

मग तुम्ही काड्या काढल्यात. पंधरातल्या दहा तिलाच मोजायला लावल्यात, रबर लावून जुडी केलीत, ती तिच्या तळहातावर ठेवलीत आणि तिची बोटं हळूच मिटलीत. त्या मुठीवर तुमचा हात तसाच ठेवून म्हणालात, “हा हातचा. तुझ्या हातात आहे, कुठे पळत नाही. आता दशकाच्या घरी पोचव.”

जन्मभर मी ‘हातचा एक’ म्हणत आले. हातचा म्हणजे हातात धरलेला, हे मला त्या दिवशी दिसलं. माझ्या मुलीला मात्र त्याहून मोठं काही मिळालं असावं. तुमचा हात तिच्या मुठीवरून लगेच निघाला नाही. ती उठायला तयार होईपर्यंत तुम्ही थांबलात. मग खडूची रेघ ओलांडून तिने जुडी पलीकडच्या जुड्यांत ठेवली, मोजल्या, आठ भरल्या. पाच सुट्या मागे उरल्या होत्या. “पंच्याऐंशी,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघून हसली.

चुकलेल्या पोराला ‘कसं केलंस’ असं विचारायला कितीसा वेळ लागतो? फुली मारण्याइतकाच, फार तर थोडा जास्त. तरी ते विचारणारी माणसं विरळ. उत्तर चुकलं तरी त्यामागे पोराने काहीतरी विचार केलेला असतो, आणि तो ऐकून घेणं हा साधा माणुसकीचा भाग आहे. तुम्ही तो पाळलात, कुणी बघत नसतानाही पाळत असाल याची मला खात्री आहे.

ती एकदा रडवेली होऊन म्हणाली होती, मला हातचा विसरायलाच होतो. तेव्हा तुम्ही तिला फ्रेंच गणिती पास्कलची गोष्ट सांगितलीत. त्याने १६४२ मध्ये, वडिलांची करांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून, बेरजेचं यंत्र करायला घेतलं, आणि त्यातली अवघड गोष्ट हीच होती, एक चाक नवाच्या पुढे गेलं की शेजारचं चाक आपोआप एक घर सरकायला हवं. “म्हणजे यंत्रालासुद्धा हातचा शिकवावा लागला!” हे ती आता घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवते.

गेल्या आठवड्यात ५८, ६९ आणि ४७ एकाखाली एक मांडून बसली होती. एककांची बेरीज चोवीस आली. जुन्या नियमाने तिने वर एक लिहिला असता. थोडी थांबली, दोन्ही मुठी मिटल्या आणि म्हणाली, “आई, दोन जुड्या झाल्या, हातचे दोन!” १७४ लिहून झाल्यावरच मुठी उघडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

काल तिने स्वतःहून ९,९९९ मध्ये १ मिळवला. एककापासून निघालेला हातचा घरामागून घर ओलांडत गेला, आणि प्रत्येक घरात शून्य ठेवताना तिची डावी मूठ उघडायची, पुन्हा मिटायची. १०,००० लिहिल्यावर तिला पहिल्यांदा तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणून ते पान या पत्रासोबत पाठवते आहे.

ती पहिली जुडी मात्र आमच्याकडेच राहिली आहे. परत करू या म्हटलं की उशीखाली लपवते. तुमची हरकत नसेल, तर राहू दे का?

तुमची ऋणी,
तुमच्या विद्यार्थिनीची आई