मालवण सहल : नावं रविवारपर्यंत कळवा

नमस्कार मंडळी,

मालवणला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नाताळची गर्दी सुरू होण्याआधी जायचं ठरलं आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणची तिकिटं हातोहात जातात. उतरायचं कुडाळला, तिथून पुढे गाडी ठरवू.

पहिली सकाळ फक्त सिंधुदुर्गासाठी राखली आहे. कुरटे बेटावर १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला घाईत उरकण्यासारखा नाहीच. शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे म्हणून जपलेले चुन्यातले ठसे आणि चहूकडे खारं पाणी असताना गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी! म्हणून होडीत बसण्याआधीच परतीची वेळ जास्तीची मागून घेऊ. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगावं, होडीत चढता-उतरताना कुणीतरी सोबत राहील. तटावर मुलांचा हात सोडू नका. जुलै २०२५ मध्ये हा किल्ला जागतिक वारशात गेला आहे. तिथे कागदाचा कपटाही टाकायचा नाही, ही कळकळीची विनंती.

शाकाहारी मंडळींनी नावासोबतच तसं लिहावं, म्हणजे खानावळीत आदल्या दिवशी सांगता येईल.