न विचारल्याबद्दल आभार

आदरणीय सुभेदारसाहेब यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रात आपले नाव नको, ही आपली अट मी पाळत आहे. पत्र मात्र उघड लिहितो, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत माझ्यासारखे कितीतरी निवृत्त फौजी सोसायट्यांच्या गेटवर, मॉलमध्ये आणि एटीएमबाहेर पुन्हा गणवेश चढवून उभे आहेत. त्यांच्यापैकी कोणाला रात्र रात्र झोप येत नसेल, तर आपण माझ्यासाठी काय केलेत आणि काय करण्याचे कटाक्षाने टाळलेत, हे त्याच्या वाचनात यावे, अशी माझी इच्छा आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये हयातीच्या दाखल्यासाठी आपण दोघे बँकेच्या रांगेत उभे होतो. आपण "कोणती रेजिमेंट?" असे विचारलेत, मी "खडकी" म्हणालो, आणि बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे खडकीत केंद्र असलेल्या लष्करी अभियंत्यांच्या दलातल्या माणसाला त्यापुढे काही सांगावे लागत नाही. तेवढ्यात मागे कोणाचा तरी मोबाइल बारीक आवाजात 'टीं' करून वाजला आणि माझ्या हातातली कागदपत्रे खाली सांडली. आपण ती गोळा केलीत, नीट लावून माझ्या हाती दिलीत आणि "शनिवारी सकाळी सहाला मी उपवन तलावावर फिरायला असतो," एवढेच म्हणालात. काय झाले, असे विचारले नाहीत.

ते काय होते, हे लिहितो. २००२ च्या अखेरीस, संसदेवरील हल्ल्यानंतर सीमेवर झालेल्या सैन्याच्या जमवाजमवीनंतर, म्हणजे ऑपरेशन पराक्रमानंतर, आमची तुकडी राजस्थानच्या सीमेवर पेरलेले सुरुंग काढत होती. नकाशावर सुरुंगांची नोंद असे, पण वाळवंटातली वाळू सरकते आणि तिच्याबरोबर सुरुंगही जागा सोडतो. प्लॅस्टिकच्या कवचाच्या सुरुंगात धातू नावापुरताच असतो, त्यामुळे डिटेक्टरचा आवाज टिपायला सगळा जीव कानांत गोळा करावा लागतो. माझ्या शेजारच्या पट्ट्यातला जवान परतला नाही. त्यानंतर मी बारा वर्षे नोकरी केली, हवालदार होऊन २०१४ मध्ये निवृत्त झालो, आणि या साऱ्या काळात मला काहीही त्रास झाला नाही. पुढे एका मॉलमध्ये सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून लागलो, तिथे दाराच्या चौकटीतला डिटेक्टर दिवसभर वाजत राही. जुना आघात इतक्या वर्षांनी डोके वर काढू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नोकरी सुटली, दारू वाढली, एकदा मुलावर हात उगारला. याहून अधिक तपशील इथे नको.

मी मदत मागितलीच नव्हती, असे नाही. एका दवाखान्यात मला "फौजी माणूस तुम्ही, आणि आवाजाला घाबरता?" असे हसून विचारले गेले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. तो विनोद मी वर्षभर मनात वागवला. दुसरी अडचण आमच्या गावची खास. इथे १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि "याला ठाण्याला पाठवा" ही गंमत सगळा महाराष्ट्र करतो. जन्मापासून ठाण्यात राहणाऱ्याच्या वाट्याला ती किती वेळा येते, हे ठाणेकरांना सांगायला नको. ठाण्याचा माणूस ठाण्यालाच गेला, असे कोणी म्हणू नये, एवढ्या एका भीतीपायी मी घरात बसून राहिलो. पेन्शन बंद होईल, ही भीतीही होती. मानसोपचार घेतल्याने पेन्शन थांबत नाही, हे आपण मला दोनदा सांगितलेत आणि तिसऱ्यांदा सांगताना थोडे चिडलातही.

उपवनला मी फरसबंद वाट सोडून मातीवर पाय ठेवत नाही, हे माझ्या पत्नीच्याही ध्यानात आले नव्हते, आपल्या आले. आठव्या की नवव्या शनिवारी आपण बोलता बोलता गवतात उतरलात, दहा-बारा पावले चाललात आणि मागे वळून न पाहता आपल्या जुन्या लंगरातल्या करपलेल्या डाळीची हकिगत सांगत राहिलात. दवाने भिजलेल्या गवतावर आपल्या बुटांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. मी त्यांवर एकेक पाऊल ठेवत आपल्यापर्यंत आलो. अंगाला घाम सुटला होता, पण आलो. असे प्रयोग आपल्या मनाने करू नयेत, म्हणून आपण ज्या गटातर्फे माझ्यासारख्या माजी सैनिकांना सोबत करता, त्या गटाच्या समुपदेशिकेने पुढे आपल्याला चांगलेच सुनावले, हेही आपणच मला सांगितलेत. त्यांचे बरोबर होते, तरीही ती सकाळ माझ्याकडून परत घेऊ नये.

मग फेब्रुवारीतली ती रात्र. मी फोन लावला आणि गप्प राहिलो. तोवर माझ्या त्रासाविषयी एकही प्रश्न न विचारलेल्या माणसाने तेव्हा थेट विचारले, "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. विचारले म्हणून तर मला "हो" म्हणता आले. माझे बोलणे आपल्यापाशीच राहील, पण जिवाला धोका दिसला तर राहणार नाही, हे आपण पहिल्याच शनिवारी स्पष्ट केले होते. त्याप्रमाणे, आधी मला सांगून, आपण माझ्या पत्नीला उठवायला लावलेत, तिला मला एकटे न सोडण्यास सांगितलेत आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून घ्यायला लावलात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. उजाडायच्या आत आपली रिक्षा आमच्या दाराशी उभी होती.

पॉलिक्लिनिकमध्ये ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड, डॉक्टरांचे रेफरल, मग मानसोपचारतज्ज्ञ, या साऱ्या फेऱ्यांत आपण बाहेरच्या बाकावर बसून राहिलात. "मी डॉक्टर नाही, मी फक्त सोबत येतो," हे आपले वाक्य मला आता पाठ झाले आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. समुपदेशनात ती आठवण थोडी थोडी, सुरक्षित वाटेल एवढीच उघडत गेली, आणि एप्रिलमध्ये मी ती प्रथमच अखेरपर्यंत सांगितली. आपल्याला नव्हे, समुपदेशिकेला. फौजीला फौजीच समजतो, असे आपण लोक छाती फुगवून म्हणतो, ते माझ्या मते अर्धेच खरे आहे. मला बरे करणाऱ्या बाईंनी छावणी आतून कधी पाहिलेली नाही. पण त्यांच्या दारापर्यंत मला कोणी नागरी माणूस नेऊ शकला नसता, हेही तितकेच खरे. वर राजस्थानविषयी जे लिहिले, ते आपण या पत्रातच पहिल्यांदा वाचत असाल. त्याआधी दोन वर्षे आपण त्याशिवायच माझ्याबरोबर चाललात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

माझी पत्नी आणि मुलगा यांचेही आभार यात सामील आहेत. दिवाळीत मुलाने फटाके स्वतःहून तलावपाळीवर जाऊन उडवले. मी त्याला तसे सांगितलेले नव्हते. झोप अजून तुटते, पण पूर्वीसारखी रोज नाही.

माझे गटाचे प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर आपण एका निवृत्त नायकांना माझ्याबरोबर फिरायला दिलेत. ते कळव्याहून येतात, वेळेच्या दहा मिनिटे आधी येतात आणि नेहमी भिंतीला पाठ लागेल अशाच बाकावर बसतात. चार शनिवार झाले, ते फारसे काही बोललेले नाहीत. मीही विचारलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार, बॉम्बे सॅपर्स
ठाणे