गोकर्णच्या कड्यावरच्या वाटेला आकडे द्या

मा. पर्यटन मंत्री, कर्नाटक राज्य, यांस,

सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याचा. रेल्वेत गँगमन म्हणून ३१ वर्षे काढली, त्यातली बरीचशी कॅसलरॉकच्या घाटात. चालण्याची मला सवय आहे. गेल्या जानेवारीत घरची नऊ माणसे मिळून कुमठ्याहून गोकर्णापर्यंत समुद्राच्या कडेकडेने चालत गेलो. त्या दिवशी जे झाले ते आपल्या कानावर घालावे म्हणून हे पत्र.

ही वाट सुमारे २५ किलोमीटरची. आकडा फार वाटत नाही, पण टेकडी चढायची, पलीकडच्या पुळणीवर उतरायचे, वाळू तुडवून संपली की पुन्हा टेकडी, असे दिवसभर चालते. उजाडायच्या आधी निघालो होतो. भाकरी, शेंगाची चटणी आणि माणशी दोन बाटल्या पाणी. अघनाशिनी गावातून होडीने खाडी ओलांडून तदडीला आलो. ओहोटी होती, माणसे पाण्यात उभी राहून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढत होती. २०२४ मध्ये या खाडीचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, ते अगदी योग्य झाले.

खरा कस लागला तो बेलेकान सोडल्यावर. वर सगळा जांभा. दुपारी तो तव्यासारखा तापतो आणि वाऱ्याची झुळूकही कड्याखालीच राहते. आमची रुळावरची खडी पायाखाली दबते, धरून ठेवते. जांभ्याचे बारीक गोटे मात्र घरंगळतात. उतारावर प्रत्येक पाऊल आडवे टाकावे लागते, झुडपाला धरून. पाणी दोन वाजताच संपले. ती चूक आमची.

पॅरडाइज बीच मागे टाकून हाफ मून बीचकडे निघालो. वाट तीनदा फुटली. एक वर पठारावर, एक खाली खडकांकडे, एक करवंदीच्या जाळीत जाऊन संपलेली. खालच्या वाटेवर माझ्या थोरल्या वहिनींचा पाय घसरला. घोटा बघता बघता सुजून नारळाएवढा झाला. वहिनी सोसणाऱ्या आहेत, ओरडल्या नाहीत, पण ओठ पांढरे पडले होते.

पुतण्याने मदतीसाठी फोन लावला. रेंज होती. भाषेची अडचण नव्हती, आम्हा सीमाभागातल्या लोकांना कन्नड येते आणि पलीकडचा माणूसही आपुलकीने बोलत होता. त्याने एकच विचारले, “नेमके कुठे आहात?”

साहेब, या प्रश्नाचे उत्तर आम्हा नऊजणांत कोणापाशीच नव्हते. समुद्र डाव्या हाताला, मागे पॅरडाइज, पुढे हाफ मून. पुतण्या हेच तीन वेळा सांगत राहिला. कड्यावर की कड्याखाली? किती अंतरावर? दगड दगडासारखा, झुडूप झुडपासारखे. मी आयुष्यभर रुळावर उभा राहून जागा सांगत आलो. रेल्वेत कडेला किलोमीटरचे आकडे असतात. घाटात दरड आली की आकडा सांगायचा, गाडी तिथे थांबते, माणसे तिथेच येतात. रात्री, पावसात, धुक्यातसुद्धा. तोच मी त्या कड्यावर मुक्यासारखा बसलो होतो.

शेवटी एक अक्का डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आल्या. त्यांनी त्या जागेचे नाव घेतले. मला ते नीट कळले नाही, पण नाव होते! खाली जाऊन त्यांनी होडीवाल्याला तेवढेच सांगितले आणि तो थेट आमच्या खालच्या खडकापाशी आला. वहिनींना दोघांनी खांद्याचा आधार देऊन उतरवले आणि होडीने ओम बीचला नेले. दीड-दोन तास गेले होते. अंधार पडला असता तर काय, हा विचार अजून झोपेत येतो.

माझी मागणी एकच आहे. बेलेकानपासून ओमच्या पुढच्या कुडले बीचपर्यंतच्या वाटेवर दर दोनशे मीटरला जांभ्याचा एक चिरा रोवावा आणि त्यावर क्रमांक कोरावा. रंग नको, दोन पावसाळ्यांत जाईल. वाट फुटते तिथे बाणही कोरावा. गावकरी त्या जागेला जे नाव घेतात ते क्रमांकाखाली यावे. त्यासाठी मोळीवाल्या अक्कांना आणि होडीवाल्यांना आधी विचारावे. आणि ही यादी पोलीस ठाण्यात, दवाखान्यात आणि प्रत्येक होडीत असावी, नाहीतर चिरे नुसते उभे राहतील.

कृपा करून सिमेंटचा रस्ता करू नका, लोखंडी कठडेही नकोत. वाट पायवाटच राहू द्या. बेळगाव, खानापूरकडून पूर्वीपासून माणसे गोकर्णाला महाबळेश्वराच्या दर्शनाला जातात. आता आमची तरुण मुले हा किनारा चालायलाही जातात, शनिवार-रविवार धरून, रात्रीच्या गाडीने. त्यांच्यापैकी कोणी पडले तर त्याला एक आकडा सांगता यावा.

चिरे कुठे रोवायचे ते दाखवायला मी स्वतः येईन. अंतर मोजायची साखळी आणि सवय दोन्ही माझ्याकडे आहेत. वहिनींचा घोटा आता बरा आहे. ओम बीचवरून त्या गाडीने परतल्या, त्यामुळे कुडलेचा टप्पा त्यांचा राहून गेला. तो चालायला त्या या हिवाळ्यात येणार आहेत.

आपला,
एक निवृत्त गँगमन
लोंढा, ता. खानापूर, जि. बेळगाव