आई झाले तरी सुवर्ण

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आता पुरे की गं. लेकराची आई झालीस, त्या ज्युदोत अजून किती आपटून घ्यायचं?" बाळ रडत होतं म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण ते वाक्य आठवडाभर मनातून जाईना. रागावले नाहीये गं, फक्त नीट सांगायचं होतं.

बाबा, तुम्ही मला खाशाबा जाधवांची गोष्ट किती वेळा सांगितलीत! गोळेश्वरचा पैलवान, 1952 चं हेलसिंकी, ब्राँझ पदक. त्या गटात सुवर्ण घेऊन गेला तो जपानचा शोहाची इशी. तो मूळचा ज्युदोवाला होता, हे मला इथे जपानला आल्यावर कळलं. युद्धानंतर ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे तुमची तांबडी माती आणि माझी इथली चटई यांची गाठ फार आधीच पडली होती.

आज सांगायचं आहे ते मात्र रियोको तानीबद्दल. जपानची ज्युदोपटू, फुकुओकाची मुलगी. उंची 146 सेंटिमीटर, वजनी गट 48 किलो. आई, तुझ्याहून चांगली चार बोटं बुटकी. दुसरीत असताना ज्युदो सुरू केला आणि पंधराव्या वर्षी, 1990 मध्ये, तिने चार वेळची जगज्जेती कॅरेन ब्रिग्ज हिला हरवलं. तिची पाठीवरून फेक बघितलीत तर बाबा, तुम्ही पहिल्या झटक्यात म्हणाल, "अरे, ही तर धोबीपछाड!" समोरचीच्या बगलेत शिरायची, गुडघे वाकवून तिच्या खाली जायची, आणि समोरची आडवी. बुटकेपणाचंच तिने हत्यार केलं.

1992 ला बार्सिलोनात बायकांच्या ज्युदोला पहिल्यांदा ऑलिंपिक पदकं मिळाली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. रौप्य. मग एकही लढत न हरता ती पुढच्या, अटलांटाच्या ऑलिंपिकला पोचली, सलग 84 विजय. अंतिम फेरीत समोर उत्तर कोरियाची के सुन-हुई. सोळा वर्षांची, वाइल्ड कार्डवर आलेली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. तिने हरवलं. पुन्हा रौप्य.

ती लढत मी कितीदा पाहिली असेल! हरल्यावरचा तिचा चेहरा बघवत नाही. मला आठवते जिल्ह्याची फायनल, मी हरले होते तो दिवस. एसटीत बाबा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कराड येईपर्यंत शेंगा सोलून सोलून माझ्या ओंजळीत टाकत राहिलात. मी रडत रडत खाल्ल्या. तुम्ही समजूत काढली असतीत, तर मला वाटतं मी दुसऱ्या दिवशी तालमीत आलेच नसते.

रियोकोला त्यानंतर चार वर्षं थांबावं लागलं. सिडनीत मिनिटभराच्या आत तिने फायनल चितपट केली आणि चटईवरच रडली. लग्न झालं, तामुराची तानी झाली. अथेन्सला जाताना ती म्हणाली होती, "तामुरा म्हणून सुवर्ण, तानी म्हणूनही सुवर्ण." आणि आणलं. आई, माहेरचं आणि सासरचं नाव असं एका दमात अभिमानाने घेणारी बाई मला तरी दुसरी माहीत नाही.

2005 च्या अखेरीस तिला मुलगा झाला. पुढचं वाक्य आलं, "आई झाले तरी सुवर्ण." 2007 मध्ये रिओला ती सातव्यांदा जगज्जेती झाली. खरं सांगायचं तर देशातल्या निवड स्पर्धेची फायनल ती हरली होती, तरी तिलाच पाठवलं. जिंकूनही घरी राहिलेल्या मुलीचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते मी तानीवरच्या प्रेमापोटी झाकणार नाही.

बीजिंगला मात्र सुवर्ण नाही आलं. उपांत्य फेरीत रोमानियाच्या अलिना दुमित्रूविरुद्ध शेवटच्या क्षणांत पंचांनी दंड दिला, तिथेच हरली. पण मग उठून ब्राँझची लढत जिंकली. पाच ऑलिंपिक, पाच पदकं. मला तिचं ते ब्राँझ सगळ्यांत जवळचं वाटतं.

मला कुठलं पदक मिळणार नाहीये आई, ते मलाही ठाऊक आहे. वॉर्डाच्या क्रीडागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी जाते. बाळ तेवढा वेळ याच्याकडे असतं. पहिल्या दिवशी दहा वेळा पडले, पाठ सणकली, दंड थरथरायला लागले, आणि बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं की हे अंग माझं आहे. घरी आले तर बाळ जागंच. घामाने ओल्या ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या अंगरख्याची, कॉलर त्याने मुठीत अशी घट्ट धरली, की एकेक बोट सोडवावं लागलं. बाबा, पकड तुमच्यावर गेलीय.

आई, दिवाळीच्या आधी मेतकुटाचं पार्सल पाठवशील ना, त्यात माझा तपकिरी पट्टा घाल. लोखंडी पेटीत आहे, बाबांच्या लंगोटाखाली. इथे नवा मिळतो, पण मला तोच हवाय. टोकाला तू उसवलेलं शिवलं होतंस, पांढऱ्या दोऱ्याने.

तुमची,
शकू