काकांच्या वर्षश्राद्धाआधी काकूला पत्र

लंडन, रविवार

ती. काकूस,
साष्टांग नमस्कार.

दादाने पालखीचा व्हिडिओ पाठवला होता, तो अजून फोनमध्ये ठेवलाय. बरडहून माउली नातेपुत्यात आल्या, दवाखान्याच्या ओट्यावर ही गर्दी, पण वारकऱ्यांचे डोळे तपासायचं काकांचं टेबल नव्हतं. ते लाकडी टेबल, त्यावर टॉर्च, थेंबांच्या बाटल्या आणि चष्म्याचे स्क्रू ठेवलेली ती पितळी वाटी. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध आहे आणि मला रजा मिळाली नाही. फोनवर बोलायला लागले की गळा दाटतो, म्हणून लिहून पाठवते. दादाकडून वाचून घे.

इथे कुणी काकांबद्दल विचारलं की मी त्यांची माळ आणि बुक्का सांगते. ऑपरेशनला उभं राहायच्या आधी काका कपाळावरचा बुक्का साबणाने घासून धुवायचे. एक कण जरी रुग्णाच्या डोळ्यात गेला तर, म्हणायचे. तुळशीची माळ मात्र कधी उतरवली नाही. ती आत सरकवून वरून गॉजची पट्टी बांधायचे, मग गाऊन. ती पट्टी किती वेळा तू बांधून दिलीस! एकादशी ऑपरेशनच्या दिवशी आली तर सकाळीच भगर खाऊन घ्यायचे. उपाशी माणसाचा हात थरथरतो, आणि तो थरथरलेला विठ्ठलालाच आवडायचा नाही, असं ते अगदी मनापासून सांगायचे. देवासाठी काय सोडायचं आणि रुग्णासाठी काय सोडायचं, याचा त्यांना कधी घोळ झाला नाही.

ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी सोडायची सकाळ आठवते का? मी चौथीपाचवीत असेन, हातात कापसाचा ट्रे धरून उभी राहायचे. त्या खोलीत समोरच्या भिंतीवर विठोबाची तसबीर होती, ती काकांनी मुद्दाम काढून मागे लावली. मी विचारलं तर म्हणाले, "देव त्यांना घरी गेल्यावर दिसेल गं, आधी नातवंड दिसू दे." मग नातेवाइकालाच समोर बसवायचे आणि विचारायचे, "काय दिसतंय, आजी?" एका आजीने नातीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "एवढी वाळलीस व्हय गं?" काका तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले होते.

तेव्हा आत लेन्स बसवत नव्हते. पिकलेला मोतीबिंदू अख्खा काढायचा, रुग्णाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पडून राहायचं आणि पुढे जन्मभर तो दहा नंबरचा जाड चष्मा. त्यातून सगळं मोठं दिसायचं, बाजूचं दिसायचंच नाही, म्हातारी माणसं उंबऱ्याला अडखळायची. लेन्स आल्या तेव्हा काका लहान मुलासारखे खूश झाले होते. मी इथे आल्यावर त्यांनी फोनवर पहिली चौकशी केली ती सेंट थॉमस हॉस्पिटलची! थेम्सच्या काठावर, पार्लमेंटच्या अगदी समोर. तिथेच 29 नोव्हेंबर 1949 ला हॅरोल्ड रिडली यांनी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या छताच्या पर्स्पेक्सचे, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकचे, तुकडे घुसले होते आणि डोळ्याने ते मुकाट सहन केले, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे कितीतरी वर्षं मोठमोठे डॉक्टर त्यांच्या विरोधात होते. काका म्हणायचे, त्या माणसाचे उपकार आपल्या माळशिरस तालुक्यातल्या किती म्हाताऱ्यांवर आहेत, त्याला पत्ताही नाही. मी हॉस्पिटलचा फोटो पाठवला, तो त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला होता. असेल अजून, बघ.

काका चिडलेले मी एकदाच पाहिले. वस्तीवरचं ते पोर, तंबाखूच्या चुन्याची नळी दाबताना चुना डोळ्यात उडालेला. घरच्यांनी तूप घातलं आणि तसंच मोटरसायकलवरून दवाखान्यात आणलं. काका दुसऱ्या रुग्णाला तसंच सोडून धावले, पोराला अंगणातल्या नळाखाली आडवं धरलं आणि मला तांब्याने पाणी ओतत राहायला सांगितलं. अर्धा तास तरी ओतलं असेन. पोर ओरडत होतं, मी रडत होते, काका पापणी उलटी करून चुन्याचे कण काढत होते. डोळा वाचला, थोडं फूल, म्हणजे पांढरा डाग, तेवढं राहिलं. नंतर ते बापावर ओरडले, "घरी पाणी नव्हतं का रे? जागेवरच धुवायचा होता!" त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्यांत जाऊन ते हेच सांगत फिरले. चुना गेला तर आधी भरपूर पाणी, उसाचं पातं लागलं तर झाडपाला घालू नका, त्याच दिवशी या.

आणि काकू, ती रात्र. मी व्हिडिओ कॉलवर होते, मला सगळं दिसत होतं. काका गेले आणि तू रडायच्या आधी पंखा बंद केलास. पापण्या मिटवल्यास, वर ओला कापूस ठेवलास, डोक्याखाली उशी सरकवलीस. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, नेत्रपेढीची माणसं यायला वेळ लागेल, हे तुला पाठ होतं, कारण काकांनी दुसऱ्यांच्या घरी जाऊन ते शंभर वेळा सांगितलं होतं. कुणीतरी म्हणालं, पुढच्या जन्मी आंधळा येईल. कुणीतरी म्हणालं, त्यांच्या तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता काय उपयोग. ऑपरेशन झालेल्यांचेही डोळे चालतात, समोरचा पारदर्शक पडदा चांगला असला की झालं, हे मी इकडून ओरडून सांगत होते, पण माझा आवाज कुणाला जात नव्हता. तू एवढंच म्हणालीस, "माळ घातलेल्या माणसाने दिलेला शब्द आहे, मोडू नका." मी तेव्हा तुला काहीच बोलू शकले नाही. आज सांगते, काकांच्या इतक्या वर्षांच्या दवाखान्यातलं शेवटचं काम तू केलंस, आणि त्यांनी शिकवलं तसंच केलंस.

श्राद्धाला जेवायला येतील त्यांच्यात वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्या माणसांना जरूर बोलाव. चष्म्याच्या काचांची ती पेटी भंगारात देऊ नकोस, मी दिवाळीत येते तेव्हा बघू.

एक काम आहे. दादा चाळीस ओलांडून गेला. आजीची नजर काचबिंदूने गेली, ती परत आली नाही, आणि काका त्यामुळेच डोळ्यांचे डॉक्टर झाले. रक्ताच्या नात्यात असलं की दुखत नसतानाही तपासायचं, असं ते आम्हा सगळ्यांच्या मागे लागायचे. मी गेल्या महिन्यात डोळ्यांचं प्रेशर तपासून घेतलं, ठीक आहे. दादा टाळतोय. त्याला या आठवड्यात अकलूजला पाठव आणि मला कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या डाव्या डोळ्याचे थेंब रात्री झोपताना घालायचे आहेत. जेवायच्या आधी नाही.